खोडलेल्या नावांचा ऑस्ट्रेलिया

डिसेंबर-जानेवारीत ऑस्ट्रेलिया फिरायचं ठरलं की पहिलं काम नावं खोडायचं. आमच्याकडे ते माझ्या वाट्याला आलं, कारण घरातली एक्सेल शीट माझी. नणंद मेलबर्नला. नंदोयांचं ऑफिस नाताळपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत बंद. भाचीची शाळा २० डिसेंबरच्या सुमारास सुटणार ती थेट जानेवारीच्या शेवटी भरणार. आमच्या चिरंजीवांची सेमिस्टरची परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकणार. आणि साल २०२४, म्हणजे भारतीय संघ कसोटी खेळायला नेमका तिथेच असणार. एवढं सगळं जुळल्यावर हंगाम निवडायचा प्रश्नच उरला नाही. तिकडचा ऐन उन्हाळा, त्यांच्या शाळांची मोठी सुट्टी आणि वर्षातले सगळ्यात महाग दिवस, तिन्ही एकदम पदरात पडले.

सासूबाईंना यातलं काहीच पटत नव्हतं. वय ७८, लेकीकडे जायचं म्हणून उत्साह दांडगा. पण "डिसेंबरात कसला गं उन्हाळा?" म्हणत त्यांनी स्वेटर, शाल, कानटोपी सगळं बाहेर काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, असू दे.

मार्चमध्ये घरच्या ग्रुपवर प्रत्येकाने आपापली यादी टाकली. नवऱ्याची: मेलबर्नची बॉक्सिंग डे (२६ डिसेंबरला सुरू होणारी) कसोटी, सिडनी, ग्रेट बॅरियर रीफ ही समुद्रातली प्रवाळांची रांग, मधल्या वाळवंटातला उलुरू हा प्रचंड खडक. मुलाची: पर्थजवळच्या बेटावरचे क्वोका (कांगारूच्या जातीतले छोटे प्राणी), उत्तरेकडच्या काकाडू राष्ट्रीय उद्यानातल्या मगरी, जमलं तर सिडनी ते पर्थ रेल्वे. माझी: दक्षिणेकडचं टास्मानिया बेट आणि ग्रेट ओशन रोड हा समुद्रकाठचा रस्ता. सासूबाईंची: "मला लेकीच्या घरी बसवा, बाकी तुम्ही फिरा." नणंदेने सगळं वाचलं आणि एवढंच लिहिलं, "वहिनी, आधी नकाशा उघड आणि पट्टी घे."

तिचं बरोबर होतं. ऑस्ट्रेलिया भारताच्या दुपटीहून मोठा आहे हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण शाळेच्या नकाशात तो कोपऱ्यात बसवलेला असल्यामुळे मनात मात्र तो लहानच राहतो. सिडनी-पर्थ रेल्वेचा मार्ग ४,३५२ किलोमीटरचा. त्यातला नलारबोर पठारावरचा ४७८ किलोमीटरचा टप्पा एकही वळण न घेता सरळ जातो. तीन रात्रींचा प्रवास. मुलाचे डोळे चमकले. मग मी त्याला माणशी भाडं दाखवलं आणि त्याने स्वतःच ती खिडकी बंद केली. पर्थला विमानाने जायचं तरी मेलबर्नहून चार तास, म्हणजे मुंबई-दुबईपेक्षाही लांब. पर्थ गेलं, त्याच्याबरोबर क्वोकाही गेले.

उत्तरेकडची नावं खोडायला मात्र हवामान कळावं लागलं, आणि माझे सगळ्यात जास्त तास त्यात गेले. आपण 'ऑस्ट्रेलियातला उन्हाळा' असं एका दमात म्हणतो, पण उत्तरेत त्या महिन्यांत पावसाळा असतो. डार्विनला एकट्या जानेवारीत सरासरी चारशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्यात वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त. काकाडूतले बरेचसे कच्चे रस्ते पाण्याखाली जातात आणि मोठ्या धबधब्यांकडे गाडीने पोहोचता येत नाही. ॲडलेड ते डार्विन धावणारी 'द घान' ही प्रसिद्ध रेल्वेसुद्धा या दिवसांत धावत नाही. ज्या मोसमात तिथली रेल्वेच सुट्टीवर असते त्या मोसमात आपण कशाला जायचं, असं मी घरात सांगितलं. त्यावर कुणी वाद घातला नाही.

वाद झाला तो रीफवरून. रीफचं मुख्य ठाणं केर्न्स. तिथे नोव्हेंबर ते मे समुद्रात विषारी जेलीफिश असतात, म्हणून किनाऱ्यावर जाळी लावून पोहण्यापुरती जागा राखतात आणि बोटीवर अंगभर लायक्राचा सूट चढवायला देतात. "सूट घालू की," नवरा म्हणाला. मग मी चक्रीवादळांचा मोसम काढला: नोव्हेंबर ते एप्रिल. आदल्याच वर्षी, डिसेंबर २०२३ मध्ये, जॅस्पर वादळामागून आलेल्या पावसाने केर्न्सला पूर आला होता आणि विमानतळ बंद ठेवावा लागला होता. नवरा म्हणाला, दर वर्षी थोडंच होतं? खरं आहे. पण माझा मुद्दा विम्याचा होता. वादळाला नाव पडलं, बातमी आली, की त्यानंतर घेतलेला प्रवास विमा त्या वादळाची भरपाई देत नाही. म्हणजे विमा आधीच घ्यायचा, परतावा न मिळणारी विमानाची तिकिटं आधीच काढायची आणि मग आठवडाभर आभाळाकडे बघत बसायचं. सात माणसांच्या पैशांवर हा जुगार मला खेळायचा नव्हता. दोन दिवस घरात बोलणं जरा तुटकच होतं. रीफ खोडली.

उलुरूचं नाव खोडताना मलाच वाईट वाटलं. पाऊस नाही, वादळ नाही, पण जानेवारीतलं सरासरी कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास. विदर्भातल्या माणसाला यात काय विशेष, असं वाटेल. पण तिथे पाहण्यासारखं जे काही आहे ते चालत पाहायचं असतं. खडकावर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचं बंद आहे. तिथल्या अनंगू लोकांची ती पवित्र जागा, आणि चढू नका असं ते वर्षानुवर्षं सांगत होते. आता पायथ्याभोवती दहा-साडेदहा किलोमीटरची फेरी मारतात आणि उन्हाळ्यात ती सकाळी अकराच्या आत संपवा अशी सूचना असते. शेजारच्या काटा च्यूटा या खडकांच्या समूहामधली दऱ्यांतली मोठी वाट तर ३६ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाचा अंदाज असला की सकाळी अकरालाच बंद करतात. म्हणजे एवढं विमानभाडं भरून जायचं, पहाटे तीन-चार तास चालायचं आणि उरलेला दिवस हॉटेलच्या खोलीत एसीखाली काढायचा. शिवाय सासूबाई. खोडलं.

नकाशावर उरला आग्नेय कोपरा: व्हिक्टोरिया (मेलबर्नचं राज्य), सिडनी आणि त्याच्या आसपासचा भाग, टास्मानिया. सुरुवातीच्या यादीपुढे हे अगदीच किरकोळ वाटत होतं. त्यातही ऐन सुट्टीत जागा मिळवणं म्हणजे काय ते पुढच्या महिन्यांत कळलं.

नंदोयांनी एक शिस्त घालून दिली: जे सगळ्यात दुर्मिळ ते सगळ्यात आधी, भले त्याची तारीख सगळ्यात शेवटची असो. आमच्याकडे सगळ्यात दुर्मिळ निघाली टास्मानियाची बोट. मेलबर्नजवळच्या जिलाँगहून सुटते आणि दहा-अकरा तासांनी टास्मानियातल्या डेव्हनपोर्टला लागते. माणसांना जागा सहज मिळते. गाडी ठेवायची जागा महिनोन् महिने आधी संपते, आणि तिकडे जाऊन भाड्याने घ्यावी म्हटलं तर जानेवारीत तिथे भाड्याची मोठी गाडी मिळणं त्याहून अवघड. नंदोयांची सात आसनी गाडी होती. सात माणसं बसली की मागे बॅगांना जागा उरत नाही, म्हणून छतावर डबा लावायचं ठरलं. पण बुकिंग करताना बोटवाले गाडीची लांबी आणि उंची विचारतात. डब्यामुळे उंचीचा गट बदलत होता आणि त्या गटातल्या जागा भरलेल्या होत्या. शेवटी नणंदेनेच तोड काढली: सासूबाई आणि ती विमानाने लॉन्सेस्टनला, प्रवास तासाभराचा. बाकीचे बॅगा मागच्या सीटवर रचून बोटीने. सासूबाईंची बोट लागायची भीती गेली आणि डब्याचा खर्चही वाचला. रात्रीची फेरी मिळाली नाही, दिवसाची मिळाली, तीही आठवड्याच्या मधल्या वारी. ती तारीख शीटमध्ये लाल रंगाने भरली आणि बाकी सगळा बेत तिच्याभोवती फिरवला.

दुसरा लाल खण कसोटीचा. तिकिटं विक्रीला आली त्या दिवशी नवरा आणि मुलगा दोन लॅपटॉप घेऊन बसले होते. पहिला दिवस हाती लागला नाही. मग घरात गंभीर चर्चा झाली की दुसरा दिवस घ्यावा की तिसरा. मुलाचं म्हणणं, तिसऱ्या दिवशी सामना कुठल्या बाजूला झुकतोय ते कळतं. तिसरा घेतला, २८ डिसेंबर.

सिडनीबाबत मी हट्टी राहिले आणि त्याचा मला आजही आनंद आहे. ३१ डिसेंबरची हार्बर ब्रिजवरची आतषबाजी जगभर दाखवतात, पण तिथे काय करावं लागतं ते कुणी दाखवत नाही. पाण्याकाठच्या चांगल्या जागा काही तिकिटाच्या, काही फुकट. फुकट जागांवर माणसांची मर्यादा असते, म्हणून लोक सकाळपासून चादरी टाकून बसतात. गेलात तर उठायचं नाही, उठलात तर जागा गेली. हॉटेलं त्या आठवड्यात एकेक रात्र देतच नाहीत, सलग तीन-चार रात्री घ्याव्या लागतात. त्याला लागूनच ३ जानेवारीपासून सिडनीची कसोटी, म्हणजे भारतातून आलेला सगळा क्रिकेटवेडा समुदाय त्याच खोल्यांवर तुटून पडणार. मी सिडनी ८ जानेवारीला ढकललं आणि मुक्काम पॅरामाटाला घेतला. तिथून शहरात रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास, आणि शेजारी हॅरिस पार्क, जिथे सासूबाईंना फोडणीचा वास येईल अशी हॉटेलं रांगेने आहेत. पुढे डिसेंबरात सिडनीच्या रेल्वे कर्मचाऱ्यांचा पगारवाढीचा वाद चिघळला आणि ३१ च्या रात्री गाड्या धावतात की नाही इथपर्यंत बातम्या आल्या. मी त्या बातम्या नवऱ्याला काहीही न लिहिता नुसत्या फॉरवर्ड केल्या.

व्हिसाचं काम आम्ही ऑगस्टमध्ये केलं. प्रवासी व्हिसा, सबक्लास ६००. सगळं ऑनलाइन, पासपोर्टवर शिक्का नाही की चिकटपट्टी नाही. फी तेव्हा माणशी १९५ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे साधारण पावणेअकरा हजार रुपये. नणंदेचं निमंत्रणपत्र, बँकेचे कागद, आयकर विवरणपत्रं, नवऱ्याच्या ऑफिसचं रजेचं पत्र, मुलाच्या कॉलेजचं पत्र. वेळ लागला तो सासूबाईंना. वयाची ७५ वर्षं ओलांडलेल्यांना वैद्यकीय तपासणी करावी लागते आणि तीसुद्धा त्यांच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच. अर्ज भरल्यावर एक क्रमांक मिळतो, तो घेऊन मुंबईला जायचं. सासूबाई नऊवारी नेसून, डबा घेऊन निघाल्या. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी सगळं तपासलं. परतीच्या गाडीत त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा एवढं पाहिलं नव्हतं." ज्यांच्याबरोबर पंच्याहत्तरी ओलांडलेलं माणूस आहे त्यांनी ही तपासणी गृहीत धरून अर्ज महिनाभर आधी टाकावा. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत, हेही तेव्हाच करून ठेवलं.

बॅगा भरताना खरी वाटाघाटी झाली. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर खाण्याच्या वस्तूंबाबत फार कडक आहेत. दुधाची मिठाई चालत नाही, कारण आपल्याकडच्या गुरांमधला लाळ्या-खुरकुत रोग त्यांच्याकडे नाही आणि त्यांना तो येऊ द्यायचा नाही. सासूबाईंनी लेकीसाठी पेढे आणि बर्फी सांगून ठेवली होती. ती शेजारी वाटली. ताजा कढीपत्ता नाही, तुळशीचं बी नाही, परसातल्या लिंबांचा तर प्रश्नच नाही. राहिली बाकरवडी, कंपनीच्या बंद पाकिटातला गोडा मसाला, भाजणी, मेतकूट. मी प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत नाव आणि घटक लिहिले, सगळं एका बॅगेत वर ठेवलं आणि विमानात मिळणाऱ्या कार्डावर 'अन्न आहे' समोर 'हो' लिहिलं. लपवलं तर जबर दंड होतो, सांगितलं तर फार तर वस्तू काढून घेतात, एवढा साधा हिशेब. मेलबर्नला अधिकारीबाईंनी भाजणीची पिशवी हातात घेऊन वास घेतला, हसल्या आणि जाऊ दिलं.

एवढ्या तयारीनंतरही उन्हाळ्याने एक खण बदलायला लावलाच. ग्रेट ओशन रोड करून आतल्या बाजूने ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात दोन रात्री राहायचं ठरलं होतं. आम्ही पोहोचलो त्याच सुमारास, डिसेंबरच्या मध्यावर, तिथे विजा पडून वणवा लागला. राष्ट्रीय उद्यान बंद झालं आणि हॉल्स गॅप गावातल्या लोकांना निघून जायला सांगितलं गेलं. आमची केबिन त्याच गावात. तिथे प्रत्येकाच्या फोनवर राज्याचं आपत्तीचं ॲप असतं. नणंदेने आम्हाला विमानतळावरून घरी नेतानाच ते घ्यायला लावलं. आगीच्या धोक्याच्या चार पायऱ्या असतात, आणि 'कॅटॅस्ट्रॉफिक' ही शेवटची असली की त्या भागात थांबायचंच नाही. २०१९-२० च्या उन्हाळ्यात मॅलाकूटा गावात हजारो माणसं किनाऱ्यावर अडकली होती, ते लोक विसरलेले नाहीत. मी गावाबाहेरच्या सगळ्या केबिन परतावा मिळेल अशाच अटीवर घेतल्या होत्या, थोडे जास्त पैसे देऊन. ती रद्द केली आणि त्याऐवजी बॅलराटला गेलो. १८५१ मध्ये तिथे सोनं सापडलं, त्या काळची सबंध वस्ती सॉव्हरिन हिलवर उभी केली आहे. मुलाने ओढ्यातल्या वाळूतून सोन्याचे दोन कण चाळून काढले आणि त्यांची किंमत विचारून दुकानदाराला बेजार केलं.

ग्रेट ओशन रोड मेलबर्नहून एका दिवसात जाऊन येतात. जानेवारीत तसं करू नये. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये खणलेला हा रस्ता अरुंद आहे आणि दुपारी सगळ्या बस 'ट्वेल्व्ह अपॉसल्स'ला, म्हणजे समुद्रात उभ्या असलेल्या खडकांच्या सुळक्यांपाशी, एकाच वेळी पोहोचतात. आम्ही पोर्ट कॅम्पबेलला राहिलो आणि संध्याकाळी सातनंतर गेलो. सूर्य पावणेनऊला मावळतो, गाडीतळ अर्धा रिकामा. फक्त जेवण आधी उरकून जावं लागतं, कारण लहान गावांतल्या हॉटेलांची चूल आठलाच विझते. स्वयंपाकघर असलेली केबिन घ्या, तांदूळ-डाळ गाडीत ठेवा.

कसोटीचा तिसरा दिवस नितीशकुमार रेड्डीने आमच्या नावावर करून टाकला. शेवटचा गडी सिराज खेळायला आला, त्याने कमिन्सचे उरलेले चेंडू अडवले आणि मग रेड्डीचं पहिलं कसोटी शतक झालं, तेव्हा शेजारचे ऑस्ट्रेलियन आजोबासुद्धा उभे होते. सामना आपण हरलो. पाच दिवसांत ३ लाख ७३ हजारांहून जास्त माणसं मैदानात आली आणि १९३६-३७ चा तिथला विक्रम मोडला. "त्यातले चार आपण," हे नवरा अजून सगळ्यांना सांगतो.

आणि टास्मानिया. बोटीवर चढण्याआधी गाडीतली फळं, भाज्या काढून टाकाव्या लागतात, गॅसची छोटी टाकी दाखवावी लागते. क्रेडल माउंटनला स्वतःची गाडी डव्ह तळ्यापर्यंत दिवसा नेता येत नाही, शटल बस घ्यावी लागते. ती सासूबाईंच्या फार पथ्यावर पडली. तळ्याशी काचेचा निवारा बांधला आहे, चाकाची खुर्ची थेट आत जाते. जानेवारीचा मध्य, मेलबर्नमध्ये टी-शर्टवर फिरत होतो, आणि इथे गारा पडायला लागल्या. सगळ्यांत फक्त सासूबाईंकडे स्वेटर, शाल आणि कानटोपी होती. त्यांनी कुणालाही काहीही दिलं नाही.

परतताना नणंद म्हणाली, पुढच्या वेळी फेब्रुवारीत या. शाळा भरलेल्या असतात, केबिनचे दर उतरतात, बोटीवर गाडीला जागा मिळते, आणि ऊन तेच असतं. ज्यांच्या घरात कॉलेज, परीक्षा आणि क्रिकेट यांपैकी काही नाही त्यांनी खुशाल तिचं ऐकावं. ज्यांना उत्तरेकडचा आणि मधला भागच पाहायचा आहे, रीफ, काकाडू, उलुरू, त्यांनी जून ते ऑगस्ट धरावा. तेव्हा तिकडे आभाळ कोरडं असतं आणि 'द घान'ही धावत असते. नवऱ्याने जुलैच्या रजेबद्दल ऑफिसात विचारून ठेवलं आहे. विमानाचे दर मी अजून काढलेले नाहीत.